कान, आकडे आणि पडदा

ध्वनियंत्रांच्या शौकिनांत दोन पंथ आहेत आणि त्यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य आहे. एक पंथ प्रयोगशाळेतील आकड्यांवाचून बोलत नाही. दुसरा म्हणतो, ‘आकडे ठेवा बाजूला, कान काय सांगतात ते ऐका!’ आपण कलाशाखेची मंडळी स्वभावतःच या दुसऱ्या पंथात जाऊन बसतो. रसास्वादाला कसली आली आहे फूटपट्टी, असे कवितेबद्दल म्हणता म्हणता आपण स्पीकरबद्दलही तेच म्हणू लागतो.

आकडे फसवितात, हे खरेच आहे. व्हॉल्व्हचे अँप्लिफायर मागे पडून ट्रान्झिस्टरचे आले, तेव्हा माहितीपत्रकात त्यांचे डिस्टॉर्शन नगण्य दिसे. तरीही सुरुवातीच्या कित्येक यंत्रांचा आवाज रसिकांना कर्कश वाटला. रसिकांचे काही चुकत नव्हते. डिस्टॉर्शनचा आकडा ही सर्व दोषांची एकत्र बेरीज असते. मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा स्वर त्यात मिसळला, तर तो वरच्या सप्तकातला तोच स्वर असल्याने कान तो सहज खपवून घेतो. सातपट, नऊपट कंपनांचे स्वर मात्र अल्प प्रमाणातही टोचतात. शिवाय त्या यंत्रांतील दोष मोठ्या आवाजात झाकला जाई आणि हळू आवाजात उघडा पडे. मोजमाप मात्र बहुधा पूर्ण शक्तीवर होई. म्हणजे मोजले ते बरोबर, पण मोजायचे काय हेच ठरविताना चूक झाली.

येथपर्यंत कानवाल्यांचा जय. पण पुढे काय झाले? १९७८ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्लंडातील मासिकात जेम्स मॉयर यांनी एका चाचणीचा वृत्तान्त दिला. क्वाड कंपनीचे तीन अँप्लिफायर, एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, कोणता वाजतो आहे हे न सांगता जाणत्या श्रोत्यांना ऐकविले. त्यांना फरक ओळखता आला नाही. (चाचणी क्वाडनेच करविली होती, हेही लक्षात ठेवावे.) १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांना चार स्पीकर ऐकविले, एकदा डोळ्यांदेखत, एकदा पडद्याआड. पडदा येताच दिमाखदार पेट्यांचे गुण घसरले आणि एका लहान, स्वस्त संचाचे वाढले! अनुभवी श्रोतेही या मोहातून सुटले नाहीत.

तेव्हा ज्याला आपण ‘माझ्या कानांचा अनुभव’ म्हणतो, त्यात डोळ्यांचा, किमतीचा आणि नाममुद्रेचा वाटा किती? माझा राग कानांवर नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो ती कानानेच. राग आहे तो ‘मला ऐकू येते’ म्हणून तपासणीच नाकारणाऱ्या वृत्तीवर. आपल्याच उत्तरपत्रिकेवर नाव नसून बैठक क्रमांक असतो, तो परीक्षकाच्या जाणतेपणाचा अपमान आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

आपल्या सभागृहासाठी कधी नवे स्पीकर घ्यावयाचे झाले, तर दोन-तीन संच पडद्यामागे ठेवावेत. आवाजाची पातळी मात्र मापकाने काटेकोर सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठा वाजणारा संच कानाला उगाच सरस वाटतो, आणि ही गोष्ट विक्रेत्यांना आपल्याआधी ठाऊक असते. मग संगीताच्या आणि भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी शेजारी बसून गुण द्यावेत. किमतीचे कागद त्यानंतर उघडावेत.