डब्यावरचा पतंग

बालमित्रांनो,

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मोबाइल असेल. त्यावर तुम्ही गेम खेळता, गाणी बघता आणि आईची चाहूल लागली, की पटकन उशीखाली लपवता. खरं ना? आज मी तुम्हाला मोबाइलच्याच एका अ‍ॅपची गोष्ट सांगणार आहे. पण तिची सुरुवात फवारणीच्या औषधाच्या डब्यापासून होते.

आमचा यवतमाळ जिल्हा म्हणजे कपाशीचा जिल्हा. 2017 साली पावसाळ्यात इथं फार वाईट घडलं. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच, पार डोक्यापर्यंत वाढली होती. किडीही खूप पडल्या. फवारा उंच मारावा लागे आणि तोच परत तोंडावर, अंगावर येई. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात. हातात मोजे नाहीत, नाकाला फडकं नाही. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात भरती करावं लागलं.

त्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे बाबाही होते. तेव्हा तो चौथीत होता. आठ दिवस शाळेत आला नाही. बाबा वाचले, घरी आले, तेव्हा तो आला आणि पाटी-दप्तर ठेवायच्या आधीच त्यानं मला विचारलं, "मॅडम, डब्ब्यावर सारं लिहिलं राह्यते म्हणतात. मंग माह्या बाबाले काहून नाई समजलं?"

मी त्याला फळ्यावर एक चौकोन काढून दाखवला, पतंगासारखा टोकावर उभा केलेला. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर असा पतंग असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल विष. त्याच्यावर कवटी आणि दोन हाडांचं चित्रही असतं. त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र मुळीच नाही हं! हिरव्या पतंगाच्या औषधालाही जपूनच हाताळायचं असतं.

मुलानं पतंग वहीत उतरवून घेतला. मी ते विसरून गेले. तो विसरला नव्हता.

आता तो मोठा झाला आहे. यवतमाळला संगणकाची पदविका करतो. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, मी एक अ‍ॅप बनवलं. तपासून द्या ना."

अ‍ॅप मोठं छान होतं. चार रंगांची चार बटणं. रंग दाबला, की त्या औषधाची सगळी माहिती मराठीत पडद्यावर येई. शिवाय वारा कुठून वाहतो आहे, हे इंटरनेटवरून सांगणारं एक पान. मी अगदी मन लावून ते तपासलं. काय तपासलं, सांगू? ऱ्हस्व-दीर्घ! सात चुका काढल्या आणि शाबासकी दिली.

मग आम्ही दोघं जवळच्या पोडावर गेलो. पोड म्हणजे आमच्याकडची कोलाम लोकांची वस्ती. घरात ते कोलामी बोलतात, आमच्याशी वऱ्हाडी. तिथली बरीच मंडळी फवारणीच्या कामाला जातात. एका आजींच्या हातात त्यानं मोबाइल दिला आणि उत्साहानं सगळं समजावून सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बापू, मले वाचता आलं असतं, तं डब्ब्यावरचंच नसतं का वाचलं?"

आम्ही दोघं गप्प!

त्यानं चाचरत वाऱ्याचं पान उघडलं. तिथं मोबाइलला रेंजच नव्हती. नुसतं चक्र फिरत राहिलं. आजी हसल्या. "वारा फिरला तं मले पाठीवर कयते. त्याले फोन कायले पाह्यजे? तू डब्ब्याचं सांग."

परत येताना तो बराच वेळ काही बोलला नाही. मलाही आपल्या सात चुकांची लाज वाटत होती. ज्या आजींसाठी अ‍ॅप करायचं, त्यांना आम्ही आधी काही विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी मी त्याला मुंबईच्या धारावीतल्या मुलींची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका. 2014 च्या सुमारास तिथल्या काही शाळकरी मुली नवनीत रंजन या माहितीपटकारांच्या मदतीनं मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकल्या. तुमच्याच वयाच्या मुली, राहायला दाटीवाटीची वस्ती. त्यांच्याकडे सार्वजनिक नळावर पाण्यासाठी रांग लागायची आणि भांडणं व्हायची. रांगेत उभ्या राहणाऱ्यांत याच मुली! मग त्यांनी असं अ‍ॅप तयार केलं, की मोबाइलवरच नंबर लावायचा आणि आपली पाळी आली, की सूचना मिळायची. दुसरं अ‍ॅप होतं बाईमाणसाच्या सुरक्षेसाठी. संकटात सापडलं, तर त्यातून मोठा आवाज करता येई आणि ओळखीच्या माणसांना संदेश धाडता येई. हंडा घेऊन उभं राहिल्यावर पाय किती दुखतात, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

त्या मुलींनी वापरलेलं साधन आमच्या या मुलानंही वापरलं होतं. त्याचं नाव 'अ‍ॅप इन्व्हेंटर'. गूगलनं ते 2010 साली लोकांसाठी खुलं केलं. 2012 पासून अमेरिकेतली एमआयटी ही संस्था ते सांभाळते. ते फुकट आहे. त्यात इंग्रजी आज्ञा टाइप करत बसावं लागत नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. 'लाल बटण दाबलं, की' हा एक ठोकळा. 'हा आवाज वाजव' हा दुसरा. पहिल्याच्या खाचेत दुसरा बसवला, की काम झालं! खाच जुळली नाही, तर ठोकळा बसतच नाही. सहावी-सातवीतल्या मुलालाही हे सहज जमेल.

मुलानं आपलं अ‍ॅप मोडलं आणि नव्यानं मांडलं. वाऱ्याचं पान काढून टाकलं. पडद्यावर फक्त चार रंगीत पतंग ठेवले. पतंगावर बोट ठेवलं, की मोबाइल बोलणार. पण कोणत्या भाषेत? मराठी वाचून दाखवणारी सोय मोबाइलमध्ये असते. आजींच्या भाषेचं काय?

इथं आमच्या चौथीतली एक मुलगी कामाला आली. ती त्या आजींची नात. वर्गात ती फारसं बोलत नाही. मी तिला बुजरी समजत होते. पण त्या दिवशी ओट्यावर बसून ती आजीशी कोलामीत असं काही भराभर बोलू लागली, की मी बघतच राहिले! आम्ही वाक्य मराठीत सांगायचं, तिनं ते आजीला विचारून कोलामीत म्हणायचं आणि मोबाइलवर आवाज भरायचा. 'हातमोजे'ला दोघींना शब्द आठवेना. मग आजींनी काहीतरी जुळवलं आणि दोघी खूप हसल्या. ते हसू त्या ध्वनिमुद्रणात तसंच राहिलं आहे.

काय सांगतो तो आवाज? वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका. पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे घाला, नाक-तोंड झाका. साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरी, खर्रा तोंडाला लावू नका. चक्कर आली, मळमळलं, तर काम तिथंच थांबवा, कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे कोणतं विष आहे हे डॉक्टरांना लगेच कळेल.

याला इंटरनेट लागत नाही. एका मोबाइलमधून दुसऱ्यात ते घेता येतं. पोळ्याच्या आधी, फवारणी ऐन भरात असताना, ते पोडावरच्या पाच मोबाइलमध्ये गेलं. फक्त पाच! फार मोठा आकडा नाही, मला ठाऊक आहे.

पण पोळा झाल्यावर आजी भेटल्या, तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या कामाला गेल्या असताना शेतमालकाला म्हणाल्या, "डब्बा दाखव. खालती रंग कोणता हाय?" रंग पिवळा निघाला. आजींनी नातीचा आवाज सगळ्यांना ऐकवला आणि विचारलं, "मोजे कुठं हायेत?" दुसऱ्या दिवशी मोजे आले. मोजे शेवटी मालकालाच आणावे लागले. अ‍ॅप काही ते विणून देत नाही! पण मागायचं काय, हे आता आजींना पक्कं माहीत होतं.

आता तुमच्यासाठी आठवड्याचा अभ्यास. त्याला मोबाइल लागणार नाही, वही-पेन्सिल पुरे. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाजवळ बसा. त्यांना रोजच्या कामात कशाचा त्रास होतो, ते विचारा. ते सांगतील तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मधेच 'असं करा, तसं करा' सांगू नका. (हे फार अवघड आहे, मी स्वानुभवानं सांगते!) आणि हो, औषधाच्या डब्यावरचा पतंग बघायचा असेल, तर लांबूनच बघा. डब्याला हात लावायचा नाही.

लिहिलेलं पान मला पाठवा. निवडक पानं मी आमच्या या संगणकवाल्या मुलाला देणार आहे. त्याला पुढच्या सुट्टीसाठी काम हवंच आहे.

तुमची,
मॅडम