दुसरा गडी आणि दोनशें तेहेतिसावा

कॉलेजांत पहिला आलेला मुलगा पुढें संसारांत काय करून दाखवील, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरांत परीक्षांच्या निकालांच्या दिवसांत निघतोच. कोणी म्हणतो, पहिला तो पहिलाच. कोणी नात्यांतल्या एखाद्या पहिल्या आलेल्याचें आणि पुढें कोठेंच न आलेल्याचें उदाहरण देतो. आणि तेवढ्यांत पानें वाढल्याची हांक येऊन वाद अर्धा राहतो. मागें आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं हाच वाद आम्ही ऐकला; विषय मात्र अमेरिकेंतील चेंडूच्या खेळाचा होता. त्यांचा पुतण्या पेन्सिल्व्हेनियांत शिकावयास असतो. तो सुटींत आला होता, आणि तेथील मंडळी वर्षांतले कित्येक महिने एकाच चर्चेंत कसे घालवितात तें आजोबांस सांगत होता. कॉलेजच्या मैदानावर गाजलेला गडी धंदेवाईक खेळांत टिकेल कीं नाहीं, ही ती चर्चा. आम्हांस प्रथम हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला. पुढें चौकशी केली तेव्हां तो तितका पोरकट नाहीं असें दिसून आलें.

ज्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी, मैदान शंभर वार लांब, आणि चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा वार पुढें सरकावयाचें. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. (वार म्हणजे तोच, ज्यानें आपल्याकडे लुगडीं मोजीत.) चेंडू कांखेंत मारून समोरच्या गर्दींत शिरणारा जो गडी, त्यास तेथें ‘रनिंग बॅक’ म्हणतात, आम्ही त्यास धांवगडी म्हणूं. हुतूतूंत चढाईस जाणाऱ्यासारखें त्याचें काम. फरक इतकाच कीं, हुतूतूंतला गडी एकटा जातो व याच्यापुढें पांच धिप्पाड गड्यांची फळी असते. ते पांच जण समोरच्यांस रेटून क्षणभर एक वाट पाडतात, आणि ती मिटण्यापूर्वीं धांवगड्यानें तींतून पार व्हावयाचें. एका चढाईस सरासरीनें साडेचार वार मिळाले तर काम चांगलें झालें समजतात. टाळ्या पडतात त्या धांवणाऱ्यास. फळींतल्या गड्याचें नांव निघतें तें बहुधा त्याच्या हातून चूक झाल्यावर. पंगतींत वाढणाऱ्याची वाहवा होते आणि चुलीपाशीं बसलेलीची आठवण मीठ कमी पडलें म्हणजे होते, असें हें वर्णन ऐकून स्नेह्यांच्या वडील भगिनी आंतून म्हणाल्या. तें आम्हांस फार पटलें, व पुढील सर्व हकीकत वाचतांना तें आमच्या मनांतून गेलें नाहीं.

पुतण्याचा आवडता गडी साक्वॉन बार्कली. त्याचा जन्म ९ फेब्रुवारी १९९७ चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांतला. वाढला मात्र पेन्सिल्व्हेनियांतील कोप्ले नांवाच्या लहानशा गांवीं. पेन स्टेट विद्यापीठाकडून २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत त्यानें धांवून ३,८४३ वार मिळविले. तीन वर्षें हा आंकडा सहज आलेला नाहीं. शाळा सुटल्यावर तीन वर्षें लोटल्याखेरीज धंदेवाईक संघांत घेत नाहींत. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेट या धांवगड्यानें हा नियम मोडावा म्हणून न्यायालय गांठलें, पण २००४ मध्यें तो हरला. बार्कलीच्या वेळीं कॉलेजांतल्या गड्यानें शिष्यवृत्तीपलीकडे मोबदला घेणें निषिद्ध होतें. ती मनाई २०२१ पासून सैल झाली. म्हणजे शरीर झिजवावयाचीं पहिलीं तीन वर्षें विद्यापीठाच्या खातीं गेलीं.

त्यानंतर होतो तो इंडियानापोलिस येथील परीक्षेचा सोहळा. आपल्याकडील स्थळ पाहण्याच्या कार्यक्रमाशीं त्याचें इतकें साम्य आहे कीं, वाचतांना हंसूं येतें. उंची मोजतात, वजन करतात, पंजाची लांबी घेतात, चाळीस वार धांवावयास लावतात, प्रश्न विचारतात, आणि डॉक्टर गुडघे चांचपून पाहतात. बार्कलीचें वजन २३३ पौंड भरलें. (हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा, तो पुढें निराळ्या नात्यानें भेटणार आहे.) एवढें वजन घेऊन त्यानें चाळीस वार ४·४० सेकंदांत तोडले, २२५ पौंडांची कांब छातीवरून २९ वेळां उचलली, आणि उभ्या जागेवरून ४१ इंच उडी मारली. मुलगा पसंत पडला, हें सांगावयास नकोच.

निवड एप्रिलांत होते. बत्तीस संघ पाळीपाळीनें एकेक गडी उचलतात. आदल्या वर्षीं ज्याची कामगिरी सर्वांत हीन त्याची पाळी पहिली. २०१८ सालीं सात फेऱ्यांत मिळून २५६ गडी निवडले गेले. न्यूयॉर्क जायंट्स या संघानें आदल्या वर्षीं सोळांपैकीं तीनच सामने जिंकलेले, तेव्हां त्याची पाळी दुसरी होती. त्यानें बार्कलीस उचललें.

आतां जाणत्यांनीं त्या वेळीं काय पाहावयास हवें होतें? मागील दाखले कांहीं फार धीर देणारे नव्हते. विस्कॉन्सिनचा रॉन डेन १९९९ चा हाइसमन करंडक घेऊन आला, म्हणजे त्या वर्षींचा कॉलेजांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरून आला. २००० सालीं याच न्यूयॉर्कनें त्यास अकराव्या क्रमांकावर घेतलें, आणि पुढें एकाहि वर्षीं त्याला हजार वार गांठतां आले नाहींत. अलाबामाच्या ट्रेंट रिचर्डसनची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तो २०१२ मध्यें तिसऱ्या क्रमांकावर क्लीव्हलँडनें घेतला, दुसऱ्या वर्षाच्या आरंभींच इंडियानापोलिसला देऊन टाकला, आणि त्या वर्षीं तेथें एका चढाईस तीन वारहि त्याच्या हातीं येईनात. अलाबामांत त्याच्यापुढची फळी इतकी बलाढ्य होती कीं, वाट शोधण्याचा प्रसंगच क्वचित् येई. दरवाजा उघडा असावयाचा व यानें आंत जावयाचें. दरवाजा किलकिला असला म्हणजे काय करावयाचें, ही विद्या तो शिकलाच नव्हता असें आमचें मत. त्याच वर्षींच्या निवडींत आल्फ्रेड मॉरिस नांवाचा एक फारसा कोणास ठाऊक नसलेला मुलगा १७३ व्या क्रमांकावर वॉशिंग्टनला मिळाला. त्यानें पहिल्याच वर्षीं १,६१३ वार काढले. टेरेल डेव्हिस १९९५ सालीं १९६ वा होता. १९९८ त त्यानें डेन्व्हरसाठीं २,००८ वार धांवून सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान घेतला, आणि २०१७ मध्यें तो या खेळाच्या कीर्तिमंदिरांत जाऊन बसला.

तेव्हां एकूण वारांची बेरीज पाहून भुलणें योग्य नव्हे. अंगास हात लागण्यापूर्वीं मिळालेले वार बरेचसे फळीचे. हात लागल्यानंतर जे मिळाले ते त्याचे स्वतःचे. धांवगड्यास चेंडू झेलतां येतो काय, स्वतःकडे चेंडू नसतांना तो दुसऱ्याचें रक्षण करतो काय, हेंहि पाहिलें पाहिजे, कारण कॉलेजांत या गोष्टी नसल्या तरी निभतें. या कसोट्यांस बार्कली उतरला. पेन स्टेटची फळी कांहीं अभेद्य नव्हती; तो पुष्कळदां जागच्या जागीं धरला जाई, आणि पुढच्याच चढाईंत साठसत्तर वार निसटे. टीकाकार म्हणत कीं, हा फार नाचतो, सरळ जात नाहीं. ज्याच्यापुढें वाट नाहीं तो आडवा न जाईल तर काय करील?

पहिल्या वर्षीं तर टीकेस जागाच उरली नाहीं. धांवून १,३०७ वार, शिवाय ९१ वेळां चेंडू झेलून ७२१. बेरीज २,०२८, आणि नवागतांतील सर्वोत्कृष्ट म्हणून गौरव. संघानें मात्र पांच सामने जिंकले व अकरा गमावले. पुढच्या वर्षीं चार जिंकले, बारा गमावले. २० सप्टेंबर २०२० रोजीं शिकागो येथें बार्कलीच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि तें वर्ष बुडालें. न्यूयॉर्ककडे तो सहा वर्षें होता. तेवढ्यांत संघ अंतिम फेऱ्यांपर्यंत एकदांच, २०२२ मध्यें, पोंचला. इतकेंच नव्हे, तर २०१८ च्या निवडींत त्याच्या मागून गेलेल्यांत चेंडू फेंकून डाव चालविणारे दोन गडी होते: सातवा जॉश ॲलन आणि बत्तिसावा लमार जॅक्सन. जॅक्सन २०१९ व २०२३ त, आणि ॲलन २०२४ त सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. न्यूयॉर्कचा स्वतःचा चेंडूफेंक्या त्या वेळीं सदतीस वर्षांचा, फळी खिळखिळी. मुलाची पारख त्यांनीं बरोबर केली. परंतु भिंती खचलेल्या असतां कळस चढविला.

या सर्वांत आम्हांस अधिक टोंचली ती दुसरीच गोष्ट. धांवगड्याचें आयुष्य, खेळांतलें, फार थोडें. वर्षास अडीचतीनशें वेळां त्यानें दोनदोन तीनतीन माणसांच्या खालीं चेंगरावयाचें. अठ्ठाविसाव्या वर्षीं त्यास म्हातारा म्हणूं लागतात. आणि त्याचा पहिला करार चार वर्षांचा, रक्कम क्रमांकावरून जवळजवळ ठरलेली. पहिल्या फेरींतला असेल तर संघाच्या मर्जीनें पांचवें वर्ष. त्यानंतरहि नियमानें ठरलेला एका वर्षाचा पगार देऊन संघ त्यास अडकवून ठेवूं शकतो. बार्कलीस २०२३ त असेंच अडकविलें गेलें. म्हणजे माल ताजा असतां भाव बांधलेला, आणि बाजारांत जाण्याची मोकळीक मिळते ती शिळा होऊं लागल्यावर. साउथ कॅरोलायनाचा मार्कस लॅटिमोर एवढ्याहि मजलेस पोंचला नाहीं. कॉलेजांत असतांना २०११ व २०१२ अशा लागोपाठच्या वर्षीं त्याच्या गुडघ्यांस भयंकर इजा झाल्या. सॅन फ्रान्सिस्कोनें त्यास २०१३ मध्यें तरीहि घेतलें, पण एकहि खरा सामना न खेळतां २०१४ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यानें खेळ सोडला. हा मुलगा कॉलेजांत असतां त्याच्या भविष्याविषयीं जे कागद काळे झाले असतील, ते आतां कोण वाचतो?

बार्कली २०२४ च्या मार्चांत मोकळा झाला आणि न्यूयॉर्कच्या हाडवैऱ्याकडे, फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. तो तिकडे गेला तर आपणांस झोंप लागणें कठीण, असें न्यूयॉर्कचे मालक जॉन मारा आपल्या व्यवस्थापकांस म्हणाले होते. तें संभाषण चित्रित झालेलें असल्यामुळें साऱ्या देशानें ऐकलें. भय रास्त होतें. २०२३ त न्यूयॉर्ककडून त्यास एका चढाईस ३·९ वार मिळाले होते. २०२४ त फिलाडेल्फियाकडून ५·८ मिळाले. माणूस तोच, वर्षानें वडील, शस्त्रक्रिया झालेला गुडघाहि तोच. वर्षाची बेरीज २,००५ झाली. एका हंगामांत दोन हजारांवर गेलेला तो नववा गडी. अंतिम फेऱ्या धरून २,५०४ झाली व तिनें टेरेल डेव्हिसचा, त्या १९६ व्याचा, १९९८ चा उच्चांक मोडला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं, बार्कलीच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशीं, न्यू ऑर्लिन्स येथें फिलाडेल्फियानें कॅन्सस सिटीचा ४०–२२ असा पराभव करून सुपर बोल जिंकला.

आतां तो २३३ चा आंकडा. फिलाडेल्फियाच्या फळींत डाव्या टोंकास जॉर्डन मायलाटा उभा असतो. हाहि १९९७ चाच, सिडनींत सामोअन आईबापांच्या पोटीं जन्मलेला. उंची ६ फूट ८ इंच, वजन साडेतीनशें पौंडांच्या वर. तो तिकडचा रग्बीचा खेळ खेळे. अमेरिकन फुटबॉलचा एकहि सामना तो तोंपर्यंत खेळला नव्हता. २०१८ च्या ज्या निवडींत बार्कली दुसरा, तींतच मायलाटा २३३ वा; त्याच्यामागें केवळ तेवीस जण उरले होते. पहिलीं दोन वर्षें तो सामन्यांत उतरलाच नाहीं. जेफ स्टाउटलंड या फळीच्या शिक्षकानें त्यास पाय कोठें ठेवावा येथपासून शिकविलें, आणि २०२० पासून तो उभा राहिला. सहा वर्षांनीं निवडीचा दुसरा मानकरी, पाडलेल्या वाटेसाठीं दोनशें तेहेतिसाव्याच्या पाठीमागें येऊन उभा राहिला.

पुतण्यानें हें सांगितलें तेव्हां आजोबा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनीं विचारलें, “बाळ, पगार कोणास अधिक?”

“मायलाटाला, आजोबा. २०२४ मध्यें त्याचा तीन वर्षांचा करार वाढवला तो सहा कोटि साठ लक्ष डॉलरांचा. बार्कलीचा त्याच वर्षींचा करार तीन वर्षांस पावणेचार कोटींच्या आसपास. सुपर बोल जिंकल्यावर त्याचा वाढवला, तेव्हां वर्षास दोन कोटि सहा लक्ष पडले. तरी मायलाटाचे दोन कोटि वीस.”

“आतां हें आत्याबाईंना जाऊन सांग,” आजोबा म्हणाले. परंतु त्यांनीं तें आंतून ऐकलेंच होतें.