विश्वकर्माच्या यादीत मेकॅनिक का नाही?

आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुले मोटार मेकॅनिक आहेत. कुणी आयटीआयमध्ये दोन वर्षांचा ट्रेड करून या कामात आला, कुणी दुसऱ्याच्या गॅरेजात चाके खोलत शिकला. हे काम कुणाला जन्माने मिळत नाही. गावाने नेमून दिलेली कामे नाकारून या मुलांनी पाना हातात घेतला. म्हणूनच आज त्यांच्या अवजाराची किंमत त्यांच्या ऐपतीबाहेर जाते आहे, ही साधी महागाईची तक्रार नाही. हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

पूर्वी फिक्स पाने, रिंग पाने, गोटीसेट, पक्कड, डिसमिस आणि जॅक एवढ्यावर गॅरेज उभे राहायचे. सेट एकदा घेतला की वर्षानुवर्षे पुरायचा. कार्बोरेटर कानाने ट्यून व्हायचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले आणि दुचाकीतसुद्धा फ्युएल इंजेक्शन आले. आता बिघाड ईसीयूमध्ये कोड म्हणून नोंदला जातो आणि तो वाचायला स्कॅनर लागतो. स्वस्तातले ब्लूटूथ यंत्र इंजिनाचे साधे कोड दाखवते. पण एबीएस, एअरबॅग, नवी चावी जोडणे, डिझेलचा इंजेक्टर बदलल्यावर त्याचे कोडिंग करणे, यासाठी मोठे यंत्र हवे. त्याला हजारो, कधी लाखो रुपये मोजावे लागतात. वर अपडेटचा खर्च वेगळा. पैसे थांबले की नव्या मॉडेलसमोर तेच यंत्र मुके होते.

परिणाम काय होतो? स्कॅनर नसलेला मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलतो, नाहीतर गाडी स्कॅनरवाल्याकडे पाठवतो. हळूहळू गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे वळते. कालचा गॅरेजमालक तिथे पगारी हेल्पर होतो. हातातले कौशल्य तेच, पायरी मात्र खाली.

ही पायरी आपल्याला नवी नाही. १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्य कामगार गँगमनच राहतो, वर्कशॉपमध्ये तो क्वचितच मेकॅनिक होतो, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखवून दिले. तेव्हा जात वाट अडवत होती. आज भांडवल अडवते आहे. आणि भांडवल कुणाच्या घरात साठले, हे पुन्हा जातच सांगते.

मग सरकार काय करते? १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि तारणाशिवाय सवलतीच्या व्याजाने ३ लाखांपर्यंत कर्ज. यादीत १८ व्यवसाय आहेत : सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, धोबी, शिंपी वगैरे. मोटार मेकॅनिक नाही. कारण योजना आहे कुटुंबात चालत आलेल्या पारंपरिक व्यवसायांसाठी. चर्मकार बांधवाला अवजार मिळू नये असे कोण म्हणेल? जरूर मिळावे. पण बापाचाच धंदा करशील तर अवजार देऊ, तो सोडून नवे यंत्र शिकलास तर तुझे तू बघ, असा या यादीचा अर्थ निघतो. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी बजावले होते. सरकारी पैशाने तीच विभागणी टिकवायची का?

कुणी म्हणेल, मुद्रा कर्ज घ्या. पण प्रश्न केवळ पैशाचा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे हा त्यांचा दोष होता. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल काढले, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्येच कायदा करून डीलरला मिळणारी माहिती आणि यंत्रे बाहेरच्या गॅरेजलाही रास्त किमतीत द्यायला लावली.

कंपन्या सुरक्षिततेचे कारण देतात. चावीचा कोड चोराच्या हाती पडेल, एअरबॅगशी कुणीही खेळेल, असे त्यांचे म्हणणे. भीती खोटी नाही. मग नोंदणी करा, परवाना द्या, चुकल्यास तो रद्द करा. ज्याला शासनाच्या आयटीआयने प्रमाणपत्र दिले त्याच्यावर विश्वास नसेल, तर ते प्रमाणपत्र देता कशाला?

आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. अवजारांच्या अनुदानाला परंपरेची अट नको, मेकॅनिकचा समावेश करा. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करा. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये अद्ययावत स्कॅनर ठेवा आणि गॅरेजवाल्यांना तो नाममात्र भाड्याने वापरू द्या. आणि आपल्या पोरांनीही एकेकट्याने कर्जात बुडण्याऐवजी दहा गॅरेजांनी मिळून सहकारी तत्त्वावर एक यंत्र घ्यावे.

जयंतीच्या मिरवणुकीतला ट्रक रात्रभर जागून चालू ठेवणारा हाच मुलगा असतो. यंदा वर्गणी मागायला जाल, तेव्हा स्कॅनरसाठी तो महिन्याला किती मोजतो, हेही त्याला विचारा.