झाडे गेली, नावे उरली
(बी. ए. द्वितीय वर्ष)

१ मे १९८१ रोजी वेगळ्या झालेल्या आपल्या जालना जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून त्यावरची गावे मोठ्याने वाचावीत. जामखेड, जांब समर्थ, कुंभार पिंपळगाव, चिंचोली! जणू एक अरण्यच नकाशावर उभे आहे. प्रत्यक्षात जिल्ह्यात जंगल शंभरात दोन भागसुद्धा नाही.

गावाच्या नावाचा विषय निघाला की आपण मोठ्या गावांच्याच कथा सांगतो. जालना पूर्वी जनकपूर होते, पुढे एका धनवान जुलाह्याच्या, म्हणजे विणकराच्या इच्छेवरून त्याचे जालना झाले, असे सांगतात. अंबड म्हणे अंबऋषी राजाचे. भोकरदनचे तर विचारूच नका. भारहूत आणि सांचीच्या शिलालेखांत ते भोगवर्धन म्हणून नोंदलेले आहे. राजा किंवा सावकार असल्यावाचून गावाला इतिहास नाही, अशी आपली समजूत झाली आहे. मला ती पटत नाही. जांभळीवरून, पिंपळावरून पडलेले नाव कोणाच्या हुकुमाने पडलेले नसते. ज्यांनी झाडे तोडून जमीन वहिवाटीस आणली, त्यांनीच राखलेल्या एखाद्या झाडाखाली बसून ते ठेवले. शिलालेख नसलेल्या गावाचा तोच शिलालेख.

आयर्लंडमध्ये डेरी नावाचे शहर आहे. शब्दाचा मूळ अर्थ ओक वृक्षांची राई. १६१३ मध्ये लंडनच्या व्यापारी संघांवरून त्यापुढे ‘लंडन’ जोडले गेले. चारशे वर्षे उलटली, तरी तेथील पुष्कळ लोक डेरीच म्हणतात.

गावाच्या नावाला निदान एस. टी.ची पाटी तरी आहे. वावरांच्या नावांना तेवढाही आधार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आजीला सातबारा वाचता येत नाही, परंतु शिवारातले एकेक वावर तिला नावाने ठाऊक: ‘जांभळीचं’, ‘बरडाचं’, ‘पांदीकडचं’. जमिनींचे एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. मी शिकलेला, म्हणून मला गट नंबर पाठ! जांभूळ कुठे होती असे विचारले, तर ती बांधाचा कोपरा दाखवते. तिथे आता मोटारीची पेटी आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते दुरुस्त करतो, शोषखड्डे खणतो. ते अवश्य करावे. पण एक दिवस वही घेऊन गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे, असे मी सुचवितो. गट नंबरासमोर वावराचे नाव, ते कोणी सांगितले आणि तिथे कोणते झाड होते, एवढेच लिहावे. प्राध्यापकांनी त्याला चार गुण ठेवले, तर आमची मित्रमंडळीही येतील! मात्र नाव ऐकले तसेच उतरवावे. ‘बरडाचं’ म्हटले, तर त्याची ‘मुरमाड जमीन’ करू नये. रोमन अक्षरांतली आमच्या वडीगोद्रीची पाटी वाचून परका मनुष्य ‘वाडीगोद्री’ म्हणतो, आणि आम्हीही आता त्याला दुरुस्त करीत नाही.