भीमगीताला संदर्भ कोण देणार?



विकिपीडियावरून एखाद्या भीमगीताविषयीचा मजकूर उडाला की आपल्या ग्रुपवर एकच आरोळी उठते : मनुवादी संपादकांनी कापले! हा आरोप सोपा आहे, म्हणूनच निरुपयोगी आहे. अन्याय आहेच; पण तो कापणाऱ्याच्या कात्रीत कमी आणि न छापणाऱ्याच्या छापखान्यात जास्त आहे.

आधी पद्धत समजून घ्या. तिथले संपादक बिनपगारी स्वयंसेवक असतात. इंग्रजी विकिपीडियावर गाण्याचा स्वतंत्र लेख टिकायचा तर त्या गाण्याची त्रयस्थांनी सविस्तर, प्रकाशित दखल घेतलेली लागते. लोकप्रियतेच्या याद्या, पुरस्कार, अनेक गायकांनी केलेले ध्वनिमुद्रण या महत्त्वाच्या खुणा मानल्या जातात. पुढे 'चांगला लेख' ही श्रेणी हवी असेल, तर त्या लेखनात मोठा वाटा नसलेला दुसरा संपादक तपासणी करतो : भाषा स्वच्छ आहे का? विधाने पडताळता येतात का? मुख्य बाजू आल्या का? सूर तटस्थ आहे का? ही सारी चर्चा कोणालाही वाचता येते.

नियम सर्वांना सारखा. पण मैदान सारखे आहे का? भीमगीत वाढले जयंतीच्या मांडवात, गायन पार्ट्यांच्या सामन्यांत, चैत्यभूमी-दीक्षाभूमीच्या कॅसेट स्टॉलवर. तिथे कोणत्या वर्तमानपत्राने आपला संगीत समीक्षक पाठवला? आपल्याच जिल्ह्यातले बघा. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंगच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजल्यावरून वाद झाल्याचे बातम्यांत आले. रक्त सांडले तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांना त्या गाण्याची आठवण झाली. ज्या गाण्यासाठी जीव जातो, ते 'दखलपात्र' ठरवायला आणखी कोणता पुरस्कार हवा?

मग नियम मोडायचा का? नाही. १९२० साली 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. बाबासाहेब 'केसरी'च्या दारात बसून राहिले नाहीत. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी स्वतःची छपाई त्यांनी उभी केली. आणि 'शूद्र पूर्वी कोण होते?' (१९४६) लिहिताना विरोधकांच्याच ग्रंथांतले पुरावे समोर मांडले. संदर्भ मागणे हे ब्राह्मणी कारस्थान नाही; ते आपल्या बापाचे हत्यार आहे.

आपण काय करतो? 'युगप्रवर्तक', 'अजरामर' अशी विशेषणे ओततो, पूर्ण गीत चिकटवतो, आणि ते काढले की वीस जणांना मत द्यायला बोलावतो. तिथे डोकी मोजत नाहीत, युक्तिवाद तोलतात. पूर्ण गीत टाकण्यात कायद्याचीही अडचण आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत, त्यांच्या गीतांवर कॉपीराइट आहे.

वामनदादांचे देशवंडी आपल्या संगमनेर-अकोल्याला लागून असलेल्या सिन्नर तालुक्यातले. त्यांचे गीतसंग्रह आहेत, 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन आहे. कोणते गीत कुठे छापले, पान कोणते, ही नोंद किती जणांनी केली?

म्हणून काम घ्या. घरातल्या कॅसेटवरचे कवी, गायक, कंपनी, वर्ष उतरवून काढा. गावातल्या म्हाताऱ्या गायकांच्या मुलाखती घ्या आणि संपादक असलेल्या मासिकात छापून आणा. या ब्लॉगवर टाकून भागणार नाही. हा ब्लॉग तिथे संदर्भ म्हणून चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. एम.ए., पीएच.डी. करणाऱ्यांनो, तुमच्या प्रबंधाला भीमगीताचा विषय घ्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तिथे खाते उघडा आणि इतरांचेही लेख तपासा. तपासणाऱ्याच्या खुर्चीवर कोणाच्या जातीचे नाव लिहिलेले नाही. ती रिकामी ठेवली तर दुसरा बसणारच.

जयंतीच्या डीजेवर लाखो खर्च होतात. त्यातल्या एका तासाच्या भाड्यात भीमगीतांची एक पुस्तिका छापून होईल. डीजे रात्री बंद होतो, पुस्तिका संदर्भ म्हणून उरते.

जयभीम!