नियम एकराचा, घर अर्ध्या गुंठ्यावर

तुमच्यापैकी जे पिंपरी-चिंचवडबाहेर राहतात त्यांना ‘अर्धा गुंठा’ ही काय चीज आहे ते ठाऊक नसेल. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, त्याचा अर्धा साधारण 545. थेरगाव, वाल्हेकरवाडी, काळेवाडी, रहाटणी या भागांत हजारो कामगारांची घरे एवढ्याशा तुकड्यावर उभी आहेत. खाली दोन खोल्या, वर दोन, वरच्या भाड्याने दिलेल्या. व्यवहार बहुधा नोटरीवर, कारण तुकडेबंदी कायद्यामुळे इतक्या छोट्या तुकड्याचे खरेदीखत होत नसे. खरेदीखत नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, नकाशा मंजूर नाही, म्हणून घर अनधिकृत. माझ्या वर्गातली कितीतरी मुले अशाच घरांतून येत. बापाने ओव्हरटाईम करून, आईचे दागिने मोडून घेतलेली जागा. त्याला ‘अतिक्रमण’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गंमत बघा. 1972 साली इथे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले तेच मुळी कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून. निगडीच्या बाजूला सेक्टर छान झाले, रुंद रस्ते, झाडे, मैदाने. पण संपादनाच्या यादीत अडकलेल्या आणि वेळेत विकसित न झालेल्या बऱ्याच जमिनी शेतकऱ्यांनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या. कामगार तिथे गेला. 2021 साली प्राधिकरण विलीन झाले, ती घरे मात्र आहेत.

आता सरकारी नियमाकडे वळू. 2013 पासून मोठ्या शहरांत सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा नियम आहे. 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करायचा तर मूळ एफएसआयच्या 20 टक्के इतकी छोटी घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधायची. त्यांची सोडत म्हाडा काढते. हे बांधकाम एफएसआयमध्ये धरत नाहीत, म्हणजे बिल्डरची जागा खर्ची पडत नाही. कल्पना उत्तम आहे, सोडतीत घर लागलेली कुटुंबेही आहेत. पण अंमलबजावणीवर कोणी डोळा ठेवला नाही तर काय होते ते नाशिकने दाखवले. तिथल्या बिल्डरांनी ही घरे म्हाडाकडे सोपवली नाहीत, हे प्रकरण 2022 साली विधिमंडळात गाजले.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. 4000 चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक एकर, चाळीस गुंठे. नियम तिथे सुरू होतो आणि कामगार अर्ध्या गुंठ्यावर राहतो! मधल्या जागेत त्याच्यासाठी काय आहे? 2020 च्या एकत्रित नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर बांधकाम परवानगी खूप सोपी केली, पण ती सोय मंजूर ले-आऊटमधल्या, कागद सरळ असलेल्या भूखंडाला. नोटरीवाल्याला त्याचा काय उपयोग? मग मागाहून मलमपट्टी. 2023 साली शास्ती माफ झाली, 2025 साली शहरी भागातली तुकडेबंदी शिथिल झाली. दोन्ही चांगलेच झाले, पण घर बांधून, दंड सोसून, पोरे मोठी झाल्यावर.

नियमच नकोत असे मी म्हणत नाही. ज्या गल्लीत अग्निशामक बंब वळत नाही तिथे राहणाऱ्याला विचारा नियम कशाला हवेत ते. म्हणून तर म्हणतो, छोटा भूखंड आधीच अधिकृत करा. आराखड्यात अर्ध्या-एक गुंठ्याचे पट्टे आखून द्या, रस्ता, गटार, पाणी आधी घाला, आणि वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या काढायला मोकळीक ठेवा. कंत्राटी कामगाराला विकतच्या घरापेक्षा भाड्याच्या खोलीची गरज जास्त असते. म्हाडाची सोडत त्याला कुठली परवडायला?

पिंपरीत उशीर झाला. चाकणला अजून थोडा वेळ आहे. कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी, मेदनकरवाडी या भागात चक्कर मारा. कारखान्यांच्या कुंपणापलीकडे खोल्यांच्या चाळी उभ्या आहेत आणि शेताच्या बांधावर प्लॉट विक्रीच्या पाट्या लागल्या आहेत. त्या प्लॉटांमधला रस्ता किती फुटांचा ठेवला आहे, तेवढे बघून या.