माळ्यावरचे रिव्हॉल्व्हर आणि वारसाचा कागद

सातबाऱ्यावर वारसनोंद लागायला उशीर झाला, तर आपण तलाठ्याकडे दहा खेटे घालतो. भावकीत बोलाचाली होतात, फेरफार अडतो, शेवटी वकील गाठतो. जमिनीच्या कागदाची किंमत आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. पण त्याच घरात माळ्यावर, नाहीतर जुन्या ट्रंकेत, आजोबांच्या वेळचे एखादे रिव्हॉल्व्हर पडून असते. त्याचा परवाना कुणाच्या नावावर आहे, शेवटचे नूतनीकरण कधी झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. दसऱ्याला खाली काढायचे, गंधफूल वाहायचे, पोरांना लांबून दाखवायचे आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायचे. झाला कारभार!

सातारा-सांगलीच्या वाड्यांतून अशी हत्यारे निघतात याचे नवल नाही. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थाने याच टापूतली. सरदार, इनामदार, संस्थानी कारभारी यांची घराणी इथली, आणि पलटणीत नोकरी करून आलेले सुभेदारही इथलेच. यातली काही रिव्हॉल्व्हरे ‘रिमफायर’ जातीची असतात. नेहमीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोपी असते आणि घोड्याची टोच तिथे बसते. रिमफायर काडतुसाला ती टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत भरलेला असतो आणि टोच त्या कडेवर पडते. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ साली पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले ते याच जातीचे, पॉइंट टू-टूचे. पुढे मोठ्या मापाचीही आली, पण ती मागे पडली आणि पॉइंट टू-टू तेवढे टिकले. तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजात एन.सी.सी.ची पॉइंट टू-टू रायफल चालवली, त्यांनी रिमफायरच चालवली आहे.

आता मुद्द्याचे बोलू. बऱ्याच घरांत एक समजूत पक्की बसली आहे. “अहो, त्याची काडतुसंच आता मिळत नाहीत. ते कसलं हत्यार? ती तर शोभेची वस्तू!” ही समजूत साफ चुकीची आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घाटाच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे खरी. पण तिला अट आहे. ते हत्यार दुरुस्त करूनसुद्धा चालण्याजोगे नसले पाहिजे. काडतूस बाजारात मिळते की नाही, याचा त्यात संबंध नाही. चक्री फिरते, घोडा पडतो, नळी शाबूत आहे, तर शंभर वर्षांचे रिव्हॉल्व्हरही अग्निशस्त्रच ठरू शकते. वयाने कोणी सुटत नाही. शिवाय हत्यार निकामी आहे की नाही हे आपण ओट्यावर बसून ठरवायचे नसते, ते तपासणारे ठरवतात.

आणि सापडले तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे आणि वर दंड अशी आहे. हत्यार बंदी असलेल्या वर्गातले निघाले, तर किमान सात वर्षांपासून सुरुवात. ज्याने हत्यार हौसेने विकत घेतले, तो आजोबा केव्हाच गेलेला असतो. गुन्हा दाखल होतो तो नातवावर, ज्याने ते आयुष्यात एकदाही हातात धरलेले नसते. एखाद्या घराचा पोरगा पोलीस भरतीची नाहीतर सैन्याची तयारी करत असेल, तर त्या एका फडक्यातल्या वस्तूने त्याचे काय होईल, याचा विचार करा.

वास्तविक कायद्यात वाट आहे. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ वारसांसाठीच आहे. परवानाधारक वारल्यावर कायदेशीर वारस आपल्या नावाने परवाना मागू शकतो. एवढेच नव्हे, तर परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा ते हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षे झाली, यातले जे आधी घडेल त्यानंतर तो स्वतः हयात असतानाच वारस सुचवू शकतो. अर्ज करायचा तो जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. इतर वारसांची संमती म्हातारा बसलेला असताना अर्ध्या दिवसात मिळते, तेराव्यानंतर तीच मिळायला तीन वर्षे लागतात; हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. २०१९ पासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि वारसाच्या परवान्यालाही तीच मर्यादा आहे. म्हणजे आधीच दोन बंदुका असलेल्या थोरल्याच्या नावावर तिसरे रिव्हॉल्व्हर चढणार नाही, धाकट्याचे नाव पुढे करावे लागेल.

खरी अडचण आहे ती कागद हरवलेल्या किंवा मुळात कागदच नसलेल्या हत्याराची. प्रामाणिकपणे ठाण्यात जावे, तर “आजवर कुठे होतं?” हा पहिला सवाल. त्या भीतीने माणूस जात नाही. मग एखादा ते विहिरीत टाकतो, एखादा रात्री कुणाला तरी विकतो. हे दुसरे सगळ्यात वाईट. ऐंशीच्या दशकापासून परदेशी हत्यारांची खासगी आयात बंद झाल्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला मोठी किंमत आहे. गिऱ्हाईक दारात येते, ते गोड बोलते, आणि उद्या तेच हत्यार एखाद्या गुन्ह्यात सापडते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की वडिलोपार्जित, विनाकागद जुन्या हत्यारांसाठी सरकारने एक ठराविक मुदत जाहीर करावी. त्या मुदतीत जो आपण होऊन हजर करील त्याच्यावर खटला भरू नये. हे काही आक्रीत नाही. २०१९ साली तिसरे हत्यार जमा करायला कायद्यानेच एक वर्ष दिले होते. आणि जमा झालेले सगळे एकाच ढिगात टाकून नष्ट करू नये. आधी पुराणवस्तूंच्या जाणकाराने ते पाहावे.

हे मी का म्हणतो, ते आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासाकडे पाहा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इथल्या माणसाला परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्याला मोकळीक दिली. त्याच मातीत प्रतिसरकार उभे राहिले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा आणि त्यांचे साथी सांगलीच्या तुरुंगातून पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांनी प्राण दिले, दादांना गोळी लागली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या, जी. डी. बापू लाडांच्या, नागनाथअण्णांच्या माणसांना एकेक हत्यार मिळवायला किती यातायात करावी लागली, हे कुंडल-वाळव्याकडे आजही सांगतात. पण कोणत्या घरातले कोणते हत्यार कोणत्या प्रसंगी कुणाच्या हातात होते, हे लिहून ठेवलेली घरे किती? सांगणारी पिढी जवळजवळ संपली. २०२४ च्या जुलैत लंडनहून आलेली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली, तेव्हा आपण कौतुकाने पाहायला गेलो. ते योग्यच झाले. मग घरातले हत्यार अंधारात का गंजावे?

ज्यांचा परवाना चालू आहे त्यांनी हत्याराचा आनंद जरूर घ्यावा. जुन्या कारागिराचे काम पाहण्यासारखेच असते. पण चकाकीसाठी निकेल किंवा क्रोम चढवू नका. त्याने वरचे ठसे, क्रमांक पुसट होतात आणि किंमतही जाते. हलके तेल, मऊ कापड पुरे. रिमफायरचा घोडा रिकाम्या चक्रीवर आपटत बसू नका. काडतूस नसले की टोच थेट चक्रीतल्या घराच्या काठावर पडते, काठ चेपतो, मग काडतूस नीट बसत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे हत्यार काळ्या दारूच्या जोरासाठी बनवलेले असेल, तर त्यात आजचे जोरदार काडतूस घालणे म्हणजे हातावर बॉम्ब घेणे. आणि वरातीत बार काढायची हौस असेल तर ती आवरा. आनंदाच्या भरात इतरांचा जीव धोक्यात घालून गोळी झाडली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

पाटण, जावळी, शिराळ्याकडच्या मंडळींना वाटते की रानडुकरांसाठी तरी हे कामाला येईल. नाही येणार. पॉइंट टू-टूच्या गोळीने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन अंगावर येते. शिवाय वनखात्याच्या परवानगीविना ते मारणे हा वेगळाच गुन्हा. पीक संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, तिकडून अर्ज करा.

नेमबाजीचीच ओढ असेल, तर शेजारच्या कोल्हापूरकडे पाहा. तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली. २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक आणले, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला मिळालेले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दोघांच्याही पन्नास मीटरच्या रायफलीत जाते ते रिमफायर काडतूसच. पोराला मान्यताप्राप्त रायफल क्लबात घाला, बांधावर निशाण लावू नका.

पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीला एक विनंती. गावात परवानाधारक म्हातारे किती, हे तुम्हाला पाठ असते. पुढच्या ग्रामसभेत नियम २५ वाचून दाखवा. आणि ज्या घरातला परवानाधारक नुकताच वारला असेल त्यांनी हत्यार घरात ठेवू नये. अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे. पावतीवर कंपनीचे नाव, बोअर आणि हत्यारावरचा क्रमांक लिहून घ्यावा, नळी आणि चक्रीची आजची स्थितीही लिहून घ्यावी आणि पावतीची नक्कल सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवावी.